बनसोडेबाईंचा उजेड

प्रिय रेवा आणि नील,

परवा फोनवर रेवाने तिच्या टेबलावरच्या संत्र्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, "आजी, सगळं इतकं सपाट का दिसतंय? मागे काय लावू?" मी म्हटलं, वरचा दिवा बंद कर, टेबल खिडकीशी ने, उजेड एकाच बाजूने येऊ दे आणि मागे एखादी गडद लोकरी शाल टांग. तिने तसं केलं आणि संत्री एकदम गोल झाली. तेव्हा नील म्हणाला, "आजीला हे कुठून माहीत?"

आजीला यातलं काहीच माहीत नाही. मी जन्मभर बारामतीत मुलींना इंग्रजी शिकवलं. जे सांगितलं ते सगळं बनसोडेबाईंचं होतं. त्यांच्याविषयी तुम्हाला लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण मी पुढे ढकलत होते. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती वगळून लिहिणं मला जमणार नाही.

बनसोडेबाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. माहेर इंदापूरचं, घर काटेवाडीत. बुटक्या, ताठ, मनगटावर पुरुषी घड्याळ. वर्गात छापील मराठी बोलायच्या आणि शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की थेट इंदापूरची. मुलींपुढे टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि घडी घातलेला टॉवेल मांडायच्या आणि सांगायच्या, "वस्तू कुठे पळून जात नाही. आधी कडा झाडून घ्या." म्हणजे कागदाच्या चारही कडांवरून नजर फिरवा, तिथे नको ते काही आलंय का बघा, मग मधल्या तांब्याकडे वळा. हे सांगताना त्या हवेत बोटाने एक चौकोन काढायच्या. मुली त्यांची नक्कल करायच्या ती याच चौकोनाची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि घरातच स्थिरचित्रं टिपू लागल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगा नोकरीला नाशिकला. पुढच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीपाशी एक टेबल, एवढाच त्यांचा स्टुडिओ. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्कूटीवरून बारामतीत यायच्या, बाजारातल्या लॅबमधून एक मोठा फोटो छापून घ्यायच्या आणि तो मला देऊन, चहा पिऊन परत जायच्या. फोटोच्या मागे मी पेन्सिलीने महिना लिहायचे आणि फाइलला लावायचे. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्यांदा त्यांचं काम बघायला गेले तेव्हा टेबलावर तीन पेरू होते. इंदापुरात त्यांच्या भावाची, दादांची, पेरूची बाग आहे, तिथले. मागे पांढराशुभ्र, किंचित चकाकणारा पडदा. मी म्हटलं, "बाई, हे कापड छान आहे हो."

"कापड? मागं जाऊन बघा."

मागे जाऊन बघते तर तो वाढदिवसाचा फ्लेक्स. हात जोडलेले एक पुढारी आणि खाली चाळीसेक शुभेच्छुकांचे चेहरे, सगळे भिंतीकडे तोंड करून.

"एवढी माणसं माझ्या पेरवांच्या पाठीशी उभी हायती," बाई म्हणाल्या. "कुनाला एवढा पाठिंबा हाय सांगा तालुक्यात?"

वस्तूंमागे लावायच्या अशा पाठींचा त्यांच्याकडे साठाच होता. काळी घोंगडी, उजेड गिळून टाकणारी; तिच्यापुढे पितळ ठेवायचं. गोणपाट कांद्या-बटाट्यांसाठी. एक शहाबादी फरशी, पाणी शिंपडलं की ढगाळ आभाळासारखी दिसणारी. तिच्यावर मासळी किंवा पानं. त्या म्हणायच्या की पाठ वस्तूपेक्षा जास्त बोलायला लागली तर ती काढून टाकायची. नक्षीचं काही मागे लावायचं नाही. आणि वस्तू पाठीला चिकटवून ठेवायची नाही, हातभर पुढे ओढायची, म्हणजे तिची सावली पाठीवर चढत नाही. रेवा, हे तुझ्या उपयोगाचं आहे.

खिडकीला त्यांनी सासऱ्यांचं जुनं धोतर ताणून बांधलं होतं. त्यातून येणारा उजेड दुधासारखा मऊ व्हायचा. "हयातीत सासऱ्यानं मला खिडकीत उभं ऱ्हाऊ दिलं न्हाय," त्या म्हणायच्या, "आता त्यांचंच धोतर खिडकीत उभं हाय." दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा, तो जवळ सरकवला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. ट्यूबलाइट कधीच लावायच्या नाहीत. दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की पेरू आजारी दिसतो, असं त्यांचं मत होतं. पितळेच्या भांड्यात स्वतःचं प्रतिबिंब उमटू नये म्हणून भर मे महिन्यात काळा स्वेटर घालून घामाघूम होत उभ्या राहायच्या. आणि बटण दाबण्याआधी बोटाने हवेत तो चौकोन.

हे सगळं आठवताना बरं वाटतं. पुढचं लिहायला बसले की हात थांबतो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बाईंनी पहिल्यांदा तक्रार केली की घरात उजेड कमी झालाय. शेजारच्या नानांच्या गोठ्यापाशी एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या फांद्या खिडकीवर आल्यात, त्या तोडा, असा त्यांनी नानांपाशी धोशा लावला. मी तिथेच होते.

"बाई, लिंबानं तुमचं काय घोडं मारलंय?" नाना म्हणाले.

"माझा उजेड खातोय त्यो."

"इतकी वर्सं खात न्हवता. आत्ताच दात आलं व्हय त्याला?"

"नाना, तुमी फांद्या तोडताय का मी चढू झाडावर?"

"नगं, नगं. तुमी पडला तर लिंबाचंच नाव हुईल."

नानांनी फांद्या तोडल्या. मला आठवतं, त्या दिवशी खोलीत इतका लख्ख उजेड पडला की मी डोळे बारीक केले. बाई टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अजून म्हनावा तसा न्हाय."

मग त्यांनी खिडकीसमोरची भिंत पांढरी करून घेतली. मग धोतर धुऊन, नीळ घालून पुन्हा बांधलं. पावसाळ्यात ते काढूनच टाकलं. मऊ उजेडासाठी इतकी वर्षं जपलेलं धोतर, पण मी कारण विचारलं नाही. घोंगडी गेली, गोणपाट गेलं. आता काळ्या वस्तूमागे पांढरं आणि पांढऱ्या वस्तूमागे काळं, एवढंच उरलं. "मला आता ठसठशीत आवडतं," त्या म्हणाल्या. उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा दोष पाचटाच्या धुरावर गेला. शेतांत उसाच्या वाळक्या पाल्याचं ते पाचट पेटायचं, काळी राख उडत येऊन पांढऱ्या भिंतीवर बसायची आणि बाई फडक्याने ती पुसत म्हणायच्या, "आभाळच मळलंय बघा यंदा."

त्याच काळात एका सोमवारी त्यांनी दिलेल्या फोटोत, डाव्या कडेला, चपलेचं टोक होतं. मध्ये निळा कप, सुंदर. आणि कडेला ती रबरी चप्पल. मी हसत म्हटलं, "बाई, चपलेचा हा नवा प्रयोग का?"

बाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुद्दाम ठेवलीय. तुमी इंग्रजीच्या, पाटसकरबाई. चित्रातलं तुमाला काय कळतंय?"

मला ते लागलं. पुढे मी फोटोंविषयी "छान" एवढंच म्हणू लागले. चहा देताना बशी त्यांच्या उजव्या हाताला ठेवली तर त्या ती उलथवायच्या. मी न बोलता ती समोर ठेवू लागले. एकदा स्कूटीची डावी बाजू खरवडलेली दिसली. कारखान्याकडे जाणारी उसाची ट्रॉली आडरस्त्याने एकदम पुढ्यात आली, असं त्या म्हणाल्या. "मागं लाल कापड न्हाय, हॉर्न न्हाय. आभाळातनं पडल्यागत आली." मुलांनो, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आगगाडीसारखा लांब असतो आणि कर्कश गाणी लावून जातो. तो एकदम कसा येईल? हा प्रश्न तेव्हा मला पडला होता. मी तो विचारला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत फाइलची पाकिटं बदलायची म्हणून मी सगळे फोटो पलंगावर महिन्यांच्या क्रमाने मांडले. उजेडाचं मला काही कळत नसलं तरी क्रम कळतो. आधीच्या फोटोंच्या कडा झाडून लख्ख. मग एकात स्विचबोर्डाचा कोपरा. पुढच्यात चप्पल. मग केरसुणीचा दांडा. मग उजवीकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली, अर्धी. शेवटच्या फोटोत दोन्ही बाजूंनी काहीबाही आत आलेलं, वर भिंतीवर पाल, आणि बरोबर मधोमध एक पेरू, अगदी नेमका टिपलेला. ज्या बाईने हजारो मुलींना कडा झाडायला शिकवलं, तिला कडा दिसत नव्हत्या. घरातला उजेड कमी झालाच नव्हता.

मी फोटो गोळा केले, फाइल बंद केली आणि दोन आठवडे काहीही केलं नाही. दिवाळी होती, पाहुणे होते, हे खरं. पण मला 'तुमाला काय कळतंय' हे पुन्हा ऐकायचं नव्हतं, हे जास्त खरं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या येतील तेव्हा हळूच विषय काढू, असं ठरवून मी गप्प बसले.

सोमवारी त्या आल्या नाहीत. संध्याकाळी नानांचा फोन आला. बारामतीला निघताना बाईंनी घरासमोरच स्कूटी नानांच्या वासरावर घातली होती. वासरू नेहमीच्याच जागी, रस्त्याच्या डाव्या कडेला बांधलेलं होतं. त्याचा पाय मोडला. बाईंना फक्त खरचटलं होतं. नाना रागावलेले नव्हते. त्यांच्या आवाजात दुसरंच काही होतं. "बाई, त्यांनी ब्रेकच न्हाय मारला वो," ते म्हणाले. "सरळ गेल्या. जनू तितं काय न्हवतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल घेऊन एसटीने काटेवाडीला गेले. गोठ्यात वासरू पायाला बांबूच्या कामट्या बांधून पडलं होतं. बाई टेबलापाशी बसल्या होत्या, कोपराला पट्टी. मी काही न बोलता फोटो त्यांच्यापुढे एकेक करून ठेवले आणि दरवेळी कडेवर बोट ठेवलं. स्विचबोर्ड. चप्पल. केरसुणी. बाटली. पाल.

त्या प्रत्येक बोटाकडे मान वळवून बघत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "ती चप्पल मी मुद्दाम ठेवली न्हवती."

"माहीत आहे."

"कवापास्नं माहीत हाय?"

"दिवाळीपासून. त्याआधीही थोडं थोडं."

त्यांनी फोटो गोळा करून बाजूला ठेवले. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी टोपलीतून एक पेरू घेतला, टेबलाच्या मध्यावर ठेवला, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि उजव्याने पेरूकडे एकटक बघत म्हणाल्या, "ते थर्माकोल घ्या. टेबलाच्या कडंपास्नं हळूहळू पेरवाकडं सरकवा. मला दिसलं की सांगते."

मी तुकडा सरकवायला लागले. टेबल रुंद होतं. मी थांबून थांबून सरकवत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाहेर लख्ख ऊन होतं, खोलीभर उजेड होता. अर्धं अंतर संपलं. त्या गप्प.

"सरकवताय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सरकवतेय, बाई."

पेरू वीतभर राहिला. मग वीतही उरली नाही.

"हां. आता आलं."

त्यांनी हात काढून तुकडा कुठे आहे ते पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यावर हात धरला. "आता ह्यो डोळा. दुसऱ्या बाजूनं घ्या."

ते झाल्यावर त्या उठल्या, पर्समधून स्कूटीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "न्या. माझ्याजवळ ऱ्हायली तर मी चालवीन."

त्याच आठवड्यात मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं; त्यांनी सांगितलेला काचबिंदू तुम्ही तिकडे नेटवर एका मिनिटात शोधून काढाल. डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेपासून आत विझत येते. माणसाला अंधार दिसत नाही. कमी दिसतंय हेच दिसत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं, तेही राखता आलं तर. "वर्षभर आधी आला असता तर," एवढं बोलून डॉक्टर थांबले. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच माझ्याकडे बघत होते.

हा आजार घराण्यात उतरतो हे कळल्यावर दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांनी इंदापूरला दादांना फोन लावला. "दादा, आई उंबऱ्याला ठेचकाळायची आनि आपुन तिला येंधळी म्हनायचो. ती येंधळी न्हवती. तू उद्याच्याला डोळं दाखव." दादा पलीकडून मोठ्याने हसल्याचं मलाही ऐकू आलं. "अगं, मला बांधावरचा कावळा दिसतोय हितनं!"

"समोरचा दिसतोय," बाई म्हणाल्या. "कडंचा?"

दादा अजून डोळे दाखवायला गेलेले नाहीत, असं ऐकते.

स्कूटी आता पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, तोच वाढदिवसाचा फ्लेक्स पांघरून. या वेळी पुढारी बाहेर तोंड करून आहेत. वासरू उभं राहिलं, पण लंगडतं. बाई रोज त्याला पेंडीचा घास नेऊन देतात आणि त्याच्यापुढे अगदी समोर उभ्या राहतात.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात, सकाळी साडेदहाच्या सुमारास. टेबलावर फक्त पेरूंची टोपली होती, कॅमेरा कपाटात. टेबलाच्या लाकडावर खडूच्या वाकड्या रेघा होत्या. दर महिन्याला त्या मान एकाच जागी राहावी म्हणून हनुवटी तीन जुन्या वह्यांवर टेकवतात, एक डोळा झाकतात, मधल्या पेरूवर नजर खिळवतात आणि जो कोणी घरी असेल त्याच्याकडून थर्माकोलचा तुकडा सरकवून घेतात. दिसला की तिथे रेघ. नाना मारतात त्या रेघा जाड, मुलगा आला होता त्याच्या बारीक. थेंब राखतात की नाही हे पाहायची त्यांची ही पद्धत. डॉक्टरांच्या यंत्रावर त्यांचा विश्वास आहे, पण त्याची तारीख तीन महिन्यांनी येते.

त्या दिवशी मी होते. मी तुकडा सरकवला. मागच्या महिन्याची रेघ आली, तुकडा तिला टेकला. बाई गप्प. मी आणखी सरकवला.

"आलं," त्या म्हणाल्या.

मी खडूने रेघ मारली. त्यांनी पेरूवरची नजर हलवली नाही, डोळ्यावरचा हात काढला नाही. त्यांना मान वळवून सहज पाहता आलं असतं. पण त्यांनी मला विचारलं.

"पाटसकरबाई, मागच्या रेघंवरच हाय न्हवं?"

खिडकीतून सगळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. 'होय' म्हणणं किती सोपं होतं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

"नाही, बाई," मी म्हटलं. "दोन बोटं आत आहे."

त्यांचा डोळ्यावरचा हात खाली आला. टेबलावर चाचपत त्यांनी टोपली जवळ ओढली, दुसरा पेरू उचलला, तो नव्या रेघेच्या आत, पहिल्याला लागून ठेवला, आणि म्हणाल्या, "कपाटातला कॅमेरा द्या. आनि तुमी कडा बघा."

मी कडा बघत राहिले.

तुमची,
आजी